प्लेगची सक्ती आणि हाफकिन यांची सुई

सडक अर्जुनी (जि. गोंदिया) : धानाच्या बांधीत रोवणी सुरू झाली की सर्पदंशाची धास्ती वाढते, आणि दवाखान्यात सर्पविषावरील लसीची चौकशी होऊ लागते. या लसीमुळे आणि पोलिओच्या थेंबांमुळे हाफकिन हे नाव विदर्भाच्या या पूर्व टोकापर्यंत येऊन पोचले. मात्र ते एखाद्या सरकारी संस्थेचे किंवा फार तर औषध कारखान्याचे नाव असावे, अशीच अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात ते एका माणसाचे आडनाव आहे. हा माणूस काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात जन्मला, मुंबईत प्लेगच्या ऐन धुमाळीत लस घडविता झाला आणि पुढे त्याच लसीपायी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहावा तसा उभा राहिला.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली आणि ज्या सडकेचे नाव हे गाव मिरवते, त्याच नागपूर-रायपूर सडकेने पायी गावाकडे निघालेल्या मजुरांचे तांडे पुढे जाऊ लागले. राज्य शासनाने १३ मार्च २०२० रोजी ज्या साथरोग कायद्याचा आधार घेतला, तो ४ फेब्रुवारी १८९७ रोजी मंजूर झालेला होता. माणसांना घरात थांबवून साथ रोखावी, की निरोगी तरुणांत रोग पसरू देऊन समूहाची प्रतिकारशक्ती तयार होऊ द्यावी, की लसीवर भिस्त ठेवावी, हा वाद त्या वर्षी जगभर रंगला. यांपैकी सक्ती आणि लस हे दोन पक्ष सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबई-पुण्यातही आमनेसामने होते. त्या वेळी लसीच्या पक्षाचा चेहरा म्हणजे वाल्डेमार मोर्डेकाय हाफकिन.

१५ मार्च १८६० रोजी एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकॉव्ह यांच्यासारखा गुरू लाभला. झारच्या राजवटीविरुद्ध विद्यार्थ्यांच्या चळवळीत ते ओढले गेले, ज्यूंवरील हल्ल्यांच्या काळात वस्तीच्या रक्षणासाठी उभे राहिले आणि त्यांना अटकही झाली. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यास प्राध्यापकी मिळेल, असे सुचविण्यात आले. हाफकिन यांनी नकार दिला. मायभूमीत वाव नाही हे ओळखून १८८८ मध्ये ते जिनिव्हाला गेले आणि पुढच्या वर्षी मेचनिकॉव्ह यांच्या पाठोपाठ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. तेथे रिकामी जागा होती ती सहायक ग्रंथपालाची. त्यांनी ती पत्करली आणि फावल्या वेळात प्रयोगशाळा गाठली.

तेथेच पटकीवरील लस तयार झाली. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लसीची खरी परीक्षा पटकीच्या देशातच व्हावी, असे त्यांचे मत होते. माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन तेव्हा पॅरिसमध्ये राजदूत होते. त्यांच्या मदतीने १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यात उतरले. रशियन नावाच्या या पाहुण्याकडे ब्रिटिश अधिकारी संशयाने पाहत, कारण त्या काळी प्रत्येक रशियन हा त्यांना हेर वाटे. तरीही आग्र्यापासून आसामच्या चहामळ्यांपर्यंत दोन वर्षांहून अधिक काळ भटकून त्यांनी सुमारे ४२ हजार लोकांना लस टोचली. कोणावरही जबरदस्ती केली नाही. कलकत्त्याच्या बस्त्यांमध्ये ते बंगाली डॉक्टरांना सोबत घेऊन जात. मलेरियाने जर्जर होऊन १८९५ मध्ये ते युरोपात परतले. पुढच्या वर्षी पुन्हा भारतात आले, तेव्हा पटकीपेक्षाही भयंकर संकट वाट पाहत होते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील रुग्ण पाहून डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईत गाठीचा प्लेग आल्याचे निदान केले. ऑक्टोबरमध्ये हाफकिन मुंबईत पोचले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत त्यांची प्रयोगशाळा थाटली गेली. तेथील त्यांची कृती आज वाचताना गंमत वाटते. बोकडाच्या मांसाच्या रसात प्लेगचे जंतू वाढवायचे आणि त्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. जंतूंची वाढ त्या थेंबांना धरून गुहेतल्या लोंबत्या दगडी खांबांसारखी खाली उतरे. भांडे हलविले की ती तुटून तळाशी बसे आणि वर नवी धरू लागे. काही आठवड्यांनी सारे तापवून जंतू मारायचे आणि कार्बोलिक आम्ल घालून बाटल्या बंद करायच्या. गोमांसाऐवजी बोकड वापरण्यामागे इथल्या लोकांच्या भावनांची जाण होती. शास्त्रज्ञाला असे भान असणे त्या काळी दुर्मीळच म्हणावे लागेल. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी स्वतःला मोठी मात्रा टोचून घेतली. ताप चढला, वेदना झाल्या, पण रोजचे काम त्यांनी थांबविले नाही. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली. लस न घेतलेल्या कैद्यांत आजारी आणि मृत दोन्हींची संख्या स्पष्टपणे जास्त निघाली.

सरकारचा भर मात्र निराळ्या उपायांवर होता. घरांची झडती, रोगी आणि त्याच्या सहवासातील लोकांची वेगळ्या छावण्यांत रवानगी, रेल्वे स्थानकांवर प्रवाशांची तपासणी, सामानाची जाळपोळ, घरांचे छप्पर उघडणे अशी ती यादी होती. यामागे निव्वळ क्रौर्य होते असे नाही. प्लेग घाणीतून आणि रोग्याच्या सहवासातून पसरतो, ही तेव्हाची प्रामाणिक समजूत होती, आणि युरोपातील बंदरे भारतीय मालाला दारे बंद करतील ही भीतीही होती. पण ज्यांच्या घरात शिपाई शिरत, त्यांना ही कारणे ठाऊक नव्हती. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, तेथे माणसांच्या अंगातून औषधी तेल काढतात, अशा अफवा पसरल्या. ऑक्टोबर १८९६ मध्येच मुंबईत गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला चढविला. निम्म्याच्या आसपास मुंबई शहर सोडून गेली, आणि पळणाऱ्यांबरोबर रोगही पसरला.

पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या हाती प्लेगचा कारभार आला आणि सक्तीने टोक गाठले. गोऱ्या सोजिरांनी केलेल्या घरझडत्या, देवघरांचा विटाळ, स्त्रियांची अवहेलना यांनी शहर पेटून उठले. लोकमान्य टिळकांनी पुणे सोडले नाही. रोग्यांना वेगळे ठेवण्याला त्यांचा तत्त्वतः विरोध नव्हता. त्यांनी हिंदू रुग्णांसाठी इस्पितळ उभारण्यात पुढाकार घेतला. त्यांचा राग अंमलबजावणीच्या रीतीवर होता. याच साथीत रुग्णसेवा करताना संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली आणि ३ जुलै रोजी ते मरण पावले. पाठोपाठ टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, १८ महिन्यांची शिक्षा झाली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी विलायतेत सोजिरांवर आरोप केले, पण पुरावे पुढे येईनात, आणि मायदेशी परतल्यावर त्यांना माफी मागावी लागली. मार्च १८९८ मध्ये मुंबईतही दंगल उसळली.

या गदारोळात हाफकिन यांची बाजू हळूहळू वरचढ होऊ लागली. ती केवळ शास्त्रीय गुणवत्तेवर वरचढ झाली असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. सक्ती महाग पडत होती, दंगे होत होते, आणि लस घेणाऱ्याला छावणीतून सूट देणे सरकारलाही सोयीचे होते. आगाखान यांनी लोकांसमक्ष लस टोचून घेतली, आपल्या खोजा समाजाला ती घेण्यास सांगितले आणि हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी खुश्रू लॉज ही आपली वास्तू दिली. ऐच्छिक असूनही मुंबईत लोक लसीसाठी येऊ लागले.

फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदा संस्थानातील उंढेरा गावात झालेला प्रयोग आजही अभ्यासण्याजोगा आहे. साथ सुरू असलेल्या या गावात प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस देण्यात आली आणि निम्म्यांना नाही. घर तेच, अन्न तेच, हवा तीच. पुढे प्लेग शिरलेल्या घरांचा हिशेब मांडला गेला. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले आणि ३ दगावले. न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ दगावले. आजच्या नीतिनियमांत हा प्रयोग बसेल की नाही, हा वेगळा प्रश्न. पण लसीचा गुण सिद्ध करण्यासाठी शेजारी-शेजारी बसणाऱ्या माणसांची अशी तुलना तेव्हा क्वचितच झाली होती. प्राध्यापक फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग आयोगाने लसीमुळे रोगाचे प्रमाण आणि मृत्यू घटतात हे मान्य केले. त्याचबरोबर संरक्षण पूर्ण नाही, लसीची मात्रा प्रत्येक वेळी सारखी नसते, आकडे नोंदविण्यात ढिलाई आहे, असे ताशेरेही ओढले. ते अस्थानी नव्हते. ऑगस्ट १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली आणि तेथे प्लेग संशोधनाचे मोठे केंद्र उभे राहिले.

समूह प्रतिकारशक्तीच्या नजरेने पाहिले तर प्लेगची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. गाठीचा प्लेग मुख्यतः माणसाकडून माणसाला होत नाही. उंदरावरील पिसवा तो माणसापर्यंत आणतात. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराचीत हे दाखवून दिले, पण मान्यता मिळायला आणखी काही वर्षे गेली. याचा अर्थ असा, की रोग्याच्या नातेवाइकांना छावणीत डांबून फारसे काही साधत नव्हते. घर सोडून मोकळ्या रानात झोपडीत राहणे मात्र उपयोगी पडे, कारण उंदीर मागे राहत. लसीचेही तसेच. ती टोचलेल्या माणसाला वाचवी, पण शेजाऱ्याला तिचे कवच मिळत नसे, कारण रोगाचे कोठार उंदरांत होते. आणि प्रतिकारशक्ती आली ती खरोखर उंदरांत. वर्षानुवर्षे प्लेग सोसलेल्या मुंबईसारख्या शहरांतील उंदीर पुढे या रोगाला कमी बळी पडू लागल्याचे संशोधकांना आढळले. तोवर देशभरात प्लेगने लाखो माणसे नेली होती. प्रतिकारशक्ती आपोआप येऊ देण्याची किंमत किती असते, याचा हा हिशेब २०२० च्या वादात क्वचितच कोणी मांडला.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी (आता पाकिस्तानात) १०७ जणांना लस देण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस दिलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. मोठ्या मागणीमुळे हाफकिन यांनी लस बनविण्याची पद्धत बदलली होती, तीत कार्बोलिक आम्ल वगळले होते. चौकशी समितीने बाटली उघडण्यापूर्वीच दूषित झाली असावी, असा निष्कर्ष काढला. दोष परळच्या प्रयोगशाळेवर, म्हणजेच हाफकिन यांच्यावर आला. त्यांना कामावरून दूर करण्यात आले आणि १९०४ मध्ये ते इंग्लंडला गेले. जागेवरची एक गोष्ट मात्र कागदपत्रांत दबून राहिली. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो ज्योतीत न तापविता नुसता कार्बोलिक पाण्यात बुडवून पुन्हा वापरला गेला होता. शिवाय बाटली उघडताच वास आला नव्हता. धनुर्वाताचे जंतू आधीपासून वाढलेले असते, तर तो आला असता.

पाच वर्षे हा माणूस संशयाखाली राहिला. रोनाल्ड रॉस यांनी त्यांची बाजू उचलून धरली. १९०७ मध्ये रॉस यांच्यासह दहा नामांकित शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्सकडे पत्र धाडून त्यांच्यावरील अन्याय जाहीरपणे मांडला. अखेर त्याच वर्षी सरकारने त्यांना पुन्हा भारतात नेमणूक दिली. परळची जागा मात्र रिकामी नव्हती. कलकत्त्यात मिळालेल्या कामात लसी बनविण्यास मुभा नव्हती. ज्याने स्वतःच्या देहावर दोन लसी पारखून पाहिल्या, त्याच्या वाट्याला निवृत्तीपर्यंत केवळ अभ्यास आणि टिपणे आली. साथीच्या काळात सरकारला शास्त्रज्ञ हवा असतो आणि एखादी चूक घडली की दोषी धरायलाही शास्त्रज्ञच लागतो, असेच काहीसे येथे घडले.

१९१५ च्या सुमारास निवृत्त होऊन हाफकिन फ्रान्समध्ये राहू लागले. लग्न त्यांनी केले नव्हते. तरुणपणी ज्या धर्मासाठी प्राध्यापकी नाकारली, त्या धर्माच्या आचरणाकडे ते उतारवयात अधिकाधिक वळले आणि पूर्व युरोपातील ज्यू पाठशाळांच्या मदतीसाठी आपली मिळकत एका निधीत ठेवली. दरम्यान परळहून लस जातच होती. १८९७ ते १९२५ या काळात तेथून सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडल्या. १९२५ मध्ये त्या संस्थेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले, तेव्हा ते पॅरिसजवळ एकाकी आयुष्य कंठीत होते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. भारतीय टपाल खात्याने १९६४ मध्ये त्यांचे तिकीट काढले.