वालचंद हिराचंद

वालचंद हिराचंद दोशी (जन्म : सोलापूर, २३ नोव्हेंबर १८८२, मृत्यू : सिद्धपूर, ८ एप्रिल १९५३) हे भारतीय उद्योजक होते. लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेची कंत्राटे घेऊन त्यांनी व्यवसायास प्रारंभ केला. १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आणि १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता.

मोटार उद्योग

भारतात मोटारी तयार करण्यासाठी वालचंद यांनी अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी करार केला. परंतु युद्धकाळात ब्रिटिश सरकारने या योजनेस पाठबळ दिले नाही. तरीही १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ला येथील कारखान्यातून १९४७ मध्ये पहिली वाहने बाहेर पडली. तेथे डॉज मालमोटारी व प्लिमथ मोटारी जोडल्या जात.

या वाहनांचे इंजिन पुढे असून चालना मागील चाकांना मिळे. मागील आसावरील डिफरन्शियलमुळे वळणावर बाहेरचे चाक आतील चाकापेक्षा अधिक वेगाने फिरू शकते. त्यातील दातेरी चाकांच्या प्रमाणावर वाहनाची ओढ व वेग अवलंबून असतो. मालमोटारीस ओढ, तर प्रवासी मोटारीस वेग अधिक लागतो. म्हणून जुन्या मोटारीची दुरुस्ती करताना केवळ आस बसतो एवढे पाहून डिफरन्शियल निवडता येत नाही.

अखेर

१९४९ मध्ये पक्षाघात झाल्यानंतर वालचंद १९५० मध्ये व्यवसायातून निवृत्त झाले. मुंबईच्या टॅक्सी म्हणून पुढे परिचित झालेली प्रीमियर पद्मिनी याच कंपनीची. तीही मागील चाकांवर चालणारीच होती.