जॉन हॉवर्ड पेन

इंग्रजी गाण्यांची थोडीबहुत ओळख असलेल्या वाचकांस 'होम, स्वीट होम' हें गीत ठाऊक असेलच. तें रचणारा जॉन हॉवर्ड पेन हा अमेरिकन नट व नाटककार होता. परंतु त्यानें लग्न केलें नाहीं व स्वतःचें असें घर कधीं थाटलें नाहीं.

पेनचा जन्म १७९१ सालीं न्यूयॉर्क येथें झाला. वडील शाळामास्तर. मुलाला नाटकाचा नाद लागलेला पाहून त्यांनीं त्यास एका पेढीवर कामाला धाडिलें. (नाटकाचा नाद म्हटला कीं आपल्याकडील पालकही असेच घाबरतात!) पण तेथेंही, वयाच्या चौदाव्या वर्षीं, हिशेबाच्या वह्या बाजूस सारून त्यानें नाटकांवर टीका करणारें एक लहानसें पत्र काढिलें. हितचिंतकांनीं त्यास युनियन कॉलेजांत घातलें. परंतु वडिलांचें दिवाळें निघालें आणि घरच्यांस हातभार लावण्यासाठीं १८०९ सालीं त्यानें न्यूयॉर्कच्या पार्क थिएटरांत तोंडाला रंग लाविला. लोकांनीं त्याला डोक्यावर घेतलें.

१८१३ सालीं तो इंग्लंडास गेला. बालनटाचें नवल ओसरल्यावर त्यानें लेखणी धरिली. 'ब्रूटस' हें त्याचें नाटक १८१८ सालीं ड्रुरी लेनमध्यें झालें व प्रसिद्ध नट एडमंड कीन यानें तें गाजविलें. जुन्या नाटकांतून आपण पुष्कळ घेतलें आहे, हें पेननें प्रस्तावनेंत मोकळेपणानें कबूल केलें होतें. पुढें स्वतः नाटकगृह चालविण्याच्या हौसेपायीं तो कर्जांत बुडाला आणि लंडनच्या फ्लीट तुरुंगांत पडला. 'होम, स्वीट होम' हें गीत १८२३ सालच्या 'क्लारी' नाटकांतील. चाल हेन्री बिशप याची. त्यावर प्रकाशकांनीं भरपूर पैसा मिळविला. पेनला तुटपुंजी ठराविक रक्कम मिळाली.

मला मात्र त्याच्या चरित्रांतील पुढील प्रसंग अधिक मोलाचा वाटतो. १८३२ सालीं मायदेशीं परतल्यावर तो चेरोकी इंडियन लोकांचा इतिहास जमवूं लागला. त्यांच्या जमिनींवर जॉर्जिया संस्थानाचा डोळा होता. १८३५ सालीं पेन हा चेरोकींचे पुढारी जॉन रॉस यांच्या घरीं पाहुणा असतां, जॉर्जियाच्या शिपायांनीं संस्थानाची हद्द ओलांडून दोघांनाही धरून नेलें, पेनचे कागदपत्र जप्त केले, आणि कित्येक दिवसांनीं कांहीं चौकशी न करतां त्यांस सोडून दिलें. पेन गप्प बसला नाहीं. ही हकीकत त्यानें छापून प्रसिद्ध केली. तरीही १८३८ सालीं चेरोकींना घरादारांतून हुसकून पश्चिमेकडे हांकण्यांत आलें व त्यांत हजारों जीव गेले. त्यांच्या चालीरीतींविषयीं पेनला माहिती पुरविणारे मिशनरी डॅनियल बट्रिक हे अमेरिकन बोर्डाचे, म्हणजे आपल्या अहमदनगरकडील मराठी मिशन ज्यानें स्थापिलें त्याच मंडळाचे. पेननें जमविलेले कागद चेरोकींच्या अभ्यासकांस आजही उपयोगी पडतात.

१८४२ सालीं त्याची ट्यूनिस येथें अमेरिकेचा वकील म्हणून नेमणूक झाली. तीन वर्षांनीं ती गेली, १८५१ सालीं पुन्हां मिळाली, आणि पुढील वर्षीं एप्रिलांत तेथेंच त्याचें देहावसान झालें. एकतीस वर्षें तो आफ्रिकेच्या मातींत होता. १८८३ सालीं कॉर्कोरन नांवाच्या एका धनिक गृहस्थानें त्याच्या अस्थि वॉशिंग्टन येथें आणविल्या, आणि ओक हिलच्या दफनभूमींत त्या पुरण्यांत आल्या.