चेंडूवरची जाळी



मागच्या सेमिस्टरला हीट ट्रान्स्फरच्या व्हायव्हात बाहेरून आलेल्या सरांनी मला विचारलं, गोलाच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ किती? मी ताडकन सांगितलं, चार पाय आर स्क्वेअर. त्यांनी परत विचारलं, चारच का? तीन का नाही? मी गप्प. आठवीपासून घोकलेला फॉर्म्युला, पण तो कुठून आला हे मला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं.

त्या रात्री हॉस्टेलवर मी आणि माझ्या रूम पार्टनरने एक उद्योग केला. मेसमधून एक संत्रं आणलं. त्याच्याच मापाची चार वर्तुळं पेपरवर काढली आणि साल सोलून, बारीक तुकडे करून त्यात भरत गेलो. चारही वर्तुळं भरली आणि साल संपली! तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. पुढे लायब्ररीत याबद्दल वाचताना जे नाव समोर आलं ते आपल्याच मातीतलं निघालं : भास्कराचार्य. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे आर्किमिडीज भेटला, पण भास्कराचार्य फक्त जनरल नॉलेजच्या एका ओळीपुरते भेटले. म्हणून हा लेख. मराठीच्या चुका पोटात घाला.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ चा. सह्याद्रीच्या परिसरातलं विज्जडवीड हे त्यांचं गाव. ते आजचं कोणतं, यावर विद्वानांचे वाद आहेत. काहीजण आपल्या शेजारच्या बीडचंही नाव घेतात. वडील महेश्वर स्वतः ज्योतिषी होते आणि तेच त्यांचे गुरू. म्हणजे घरातच क्लास! वयाच्या ३६ व्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ पूर्ण केला. त्याचे चार भाग : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. लीलावतीत भुंगे आहेत, तळ्यातली कमळं आहेत, सापावर झेप घेणारा मोर आहे, आणि प्रत्येकाच्या आड एक गणित लपलेलं आहे.

लीलावती ही त्यांची मुलगी, घटिकापात्रात मोती पडला आणि तिच्या लग्नाचा मुहूर्त टळला, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पण ती गोष्ट येते फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून, म्हणजे चारशेहून अधिक वर्षांनंतर. त्यामुळे ती दंतकथा म्हणूनच घ्यावी. मला त्यांच्या आयुष्यातली दुसरीच गोष्ट जास्त मोठी वाटते. ती लल्लाचार्यांची.

लल्ल हे आठव्या शतकातले मोठे ज्योतिषी. भास्कराचार्यांनी त्यांच्या ग्रंथावर टीका लिहिली होती. टीका म्हणजे नावं ठेवणं नव्हे, तर अर्थ उलगडून सांगणं. म्हणजे हा माणूस लल्लांचा ग्रंथ कोळून प्यायलेला होता. पण पृथ्वीच्या पृष्ठभागाचा विषय आला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की लल्लांचा नियमच चुकलाय. लल्लांनी वर्तुळाच्या क्षेत्रफळाला परिघाने गुणलं होतं. आपल्या भाषेत बोलायचं तर डायमेन्शनच जुळत नाही. क्षेत्रफळ गुणिले लांबी म्हणजे घनफळ होईल, पृष्ठभाग कसा होईल? उत्तर भलतंच मोठं येत होतं आणि चारशे वर्षं ते तसंच पडून होतं.

भास्कराचार्यांनी गोलाध्यायात ही चूक सरळ दाखवून दिली. नुसतं चूक म्हणून ते थांबले नाहीत, बरोबर काय तेही करून दाखवलं. त्यांची रीत अशी : माती किंवा लाकडाचा एक गोल घ्या. वरच्या टोकाभोवती ठरावीक अंतराने वर्तुळं काढत मध्यापर्यंत या. अर्ध्या गोलावर २४ पट्टे होतात. प्रत्येक पट्ट्याची लांबी ज्यांच्या, म्हणजे आपल्या साइनच्या, कोष्टकावरून काढा, रुंदीने गुणा आणि सगळ्या पट्ट्यांची बेरीज करा. दुसरी रीत आवळ्याची. आवळ्यावर जशा उभ्या फाका दिसतात तशा गोलाच्या फाका पाडायच्या आणि एका फाकेचं क्षेत्रफळ काढायचं. दोन्हीकडून उत्तर एकच : परीघ गुणिले व्यास. म्हणजेच वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या चौपट. चेंडूवर घट्ट बसवलेल्या जाळीसारखा त्यांनी पृष्ठभाग पाहिला.

याला लगेच इंटिग्रेशन म्हणायची घाई नको, पण त्याची चाहूल इथे नक्की आहे. आर्किमिडीजने हे उत्तर जवळजवळ चौदाशे वर्षं आधी काढलं होतं हेही खरं. तसंच जड वस्तूंना पृथ्वी आपल्याकडे ओढते असं भास्कराचार्यांनी लिहिलंय, पण न्यूटनसारखा आकडेमोडीचा नियम त्यात नाही. जे आहे तेच इतकं मोठं आहे की वरून काही चिकटवायची गरज नाही.

पृथ्वीचा परीघ त्यांनी ४९६७ योजनं धरला आणि व्यास १५८१ योजनांहून किंचित जास्त. त्यावरून पृष्ठभाग आला ७८,५३,०३४ चौरस योजनं. मग पृथ्वी सपाट का दिसते? कारण परिघाचा शंभरावा भाग सरळच भासतो आणि माणूस त्या एवढ्या मोठ्या गोलावर अगदी छोटा आहे.

आता आपल्या कामाची गोष्ट. लीलावतीत पुढचा नियम आहे : पृष्ठभागाला व्यासाने गुणून सहाने भागलं की घनफळ. तो जरा उलटा करून बघा. घनफळाच्या मानाने पृष्ठभाग म्हणजे सहा भागिले व्यास. गोल जितका लहान, तितका त्याचा पृष्ठभाग हिशेबाने जास्त! मला हे कळलं आणि कितीतरी गोष्टींचा उलगडा झाला. चंद्राचा व्यास पृथ्वीच्या पावपट, म्हणून घनफळामागे पृष्ठभाग जवळजवळ चौपट. त्याच्या आतली उष्णता लवकर निघून गेली, पृथ्वी मात्र आतून अजून गरम आहे. आपल्या फुप्फुसात कोट्यवधी बारीक फुगे आहेत. ते पसरले तर साधारण ७० चौरस मीटर, म्हणजे आमच्या हॉस्टेलच्या पाच-सहा खोल्या. धाराशिवच्या काळ्या मातीचे कण इतके बारीक की त्यांच्या पृष्ठभागाला पाणी धरून राहतं, आणि म्हणून परतीच्या पावसाच्या ओलीवर आपली ज्वारी निघते. भूम-वाशीकडच्या खवा भट्टीवर कढई पसरट का असते? दुधातल्या पाण्याला वाफ होऊन जायला मोठा पृष्ठभाग मिळावा म्हणून. आणि पसरट, उथळ तळं उन्हाळ्यात लवकर का आटतं? त्याचंही उत्तर हेच. कढईत जे फायद्याचं, ते दुष्काळी जिल्ह्यात तोट्याचं.

भास्कराचार्य थकले नाहीत. ‘करणकुतूहल’ हा त्यांचा ग्रंथ ११८३ चा, म्हणजे वयाच्या ६९ व्या वर्षाचा. मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी गेला, तर नातू चांगदेव सिंघण राजाचा ज्योतिषी झाला. या नातवाने चाळीसगावजवळच्या पाटण इथे आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ उभारला. १२०७ चा तो शिलालेख पाटणादेवीच्या परिसरात डॉ. भाऊ दाजी लाड यांना एकोणिसाव्या शतकात मिळाला. भास्कराचार्यांच्या घराण्याची बरीचशी माहिती आपल्याला त्यातूनच कळते.

आता एक कबुली. त्या व्हायव्हाच्या जर्नलमध्ये माझं एक युनिट चुकलेलं होतं. ते माझंही नव्हतं, सिनियरच्या जर्नलमधून जसंच्या तसं उतरलेलं. आणि तिनेही बहुतेक कुणाचं तरी उतरवलेलं असणार. लल्लांची चूक चारशे वर्षं टिकली ती अशीच. ज्यांच्या ग्रंथावर आपण टीका लिहिली, त्यांचीच चूक दाखवायला धाडस लागतं. त्याहून जास्त लागते ती मातीचा गोल हातात घेऊन स्वतः मोजून बघायची तयारी.

यावेळी सबमिशनच्या आदल्या रात्री मी जर्नल स्वतः लिहिलं. दोन रीडिंग चुकली. पण ती माझी होती, आणि का चुकली ते मला सांगता आलं.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल