फाहियान : विनयासाठी समुद्र ओलांडणारे भिक्खू

आपले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या शिलालेखांत तिथल्या दानदात्यांची नोंद आहे. उत्खननात मिळालेली तिथली हस्तिदंती मूर्ती इटलीतल्या पॉम्पेईच्या मूर्तीशी जुळते. समुद्रापासून दूर असलेला जालना जिल्हाही सागरी व्यापाराशी जोडलेला होता. त्या काळचा समुद्रप्रवास किती जीवघेणा होता, हे फाहियान यांच्या चरित्रातून कळते. म्हणूनच आम्ही ते तरुणांसमोर ठेवत आहोत.

चौथ्या शतकात चीनमध्ये जन्मलेले फाहियान बालपणीच श्रामणेर झाले. आपल्या देशात विनयग्रंथ अपुरे आहेत, ही त्यांची खंत होती. इ.स. ३९९ मध्ये, साठी उलटल्यावर, ते सोबत्यांसह पायी निघाले. वाळवंट आणि बर्फाचे डोंगर ओलांडून भारतात आले. पाटलिपुत्रात तीन वर्षे राहून संस्कृत शिकले, विनय उतरवून घेतला. मग ताम्रलिप्तीहून जहाजाने सिंहलद्वीप गाठले. तोवर सोबती कोणी वारले, कोणी परतले, कोणी भारतातच राहिले.

दोन वर्षांनी दोनशे प्रवाशांच्या जहाजातून ते मायदेशी निघाले. वादळात जहाजाला गळती लागली. व्यापारी माल समुद्रात टाकू लागले. फाहियान यांनी आपली भांडी टाकली, पण ग्रंथ सोडले नाहीत. होकायंत्र नव्हते, दिशा सूर्य-ताऱ्यांवरून ठरे, आभाळ भरून आले की तीही हरवे. नव्वद दिवसांनी ते यवद्वीपाला लागले.

पुढच्या जहाजावर पुन्हा वादळ आले. या श्रमणामुळेच संकट ओढवले, त्याला एखाद्या बेटावर सोडून द्यावे, असे जहाजावरील ब्राह्मणांनी ठरवले. तेव्हा त्यांना आश्रय देणारा एक माणूस ठामपणे आडवा आला, म्हणून ते वाचले. पन्नास दिवसांची शिदोरी, प्रवास सत्तरच्या पुढे गेला. पिण्याचे पाणी मोजून वाटावे लागले. ४१२ मध्ये ते भरकटत शानतुंगच्या किनाऱ्याला लागले. उरलेले आयुष्य त्यांनी विनयाच्या भाषांतराला दिले आणि प्रवासवर्णनही लिहिले.

मराठवाड्यात आजही काही अघटित घडले की भानामती-करणीचा आळ एखाद्या दुबळ्यावर येतो. २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. पण जमाव दारात उभा असताना कायद्याआधी माणूस आडवा यावा लागतो. तो माणूस आपण व्हायचे आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!