डॉ. कोटणीस, चिनी सुई आणि थकवा

अ‍ॅक्युपंक्चरची सुई चीनची, हे सर्वांना माहीत असते. ती भारतात रुजली त्या कहाणीत एका सोलापूरकर डॉक्टरचे नाव आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ते नाव डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात ते डॉक्टर झाले. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर चिनी सेनापती झू दे यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. सुभाषचंद्र बोस तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. १९३८ च्या सप्टेंबरात पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून बोटीने निघाले: अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कोलकात्याचे बसू व मुखर्जी आणि सर्वांत तरुणांपैकी एक असे कोटणीस.

१९३९ च्या सुरुवातीला पथक येनानला पोहोचले. पुढे तिघे परतले. बसू आणि कोटणीस थांबले. कोटणीस उत्तर चीनच्या डोंगराळ आघाडीवर गेले. औषधे कमी, भूल देण्याची साधने अपुरी, शत्रू जवळ आला की अख्खा दवाखाना खेचरांवर लादून हलवायचा. १९४० मधल्या एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याची नोंद आहे. ते चिनी भाषा शिकले, त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शल्यशास्त्र शिकवू लागले. १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते पहिले संचालक झाले. तिथल्याच परिचारिका ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. भारत आणि चीन या दोन्ही देशांची नावे जोडून त्याचे नाव इन्हुआ ठेवले.

याच काळात त्यांना अपस्माराचे झटके येत होते. कामाचा भार मात्र कमी झाला नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी झटक्यांमध्येच त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे ३२. अपुरी झोप आणि अतिश्रम झटक्यांना निमंत्रण देतात, हे आज वैद्यकाला पक्के ठाऊक आहे. १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांच्या चित्रपटाने त्यांचे नाव घरोघरी नेले.

कोटणीस यांचे हत्यार शल्यचिकित्सकाची सुरी होते. सुई आणली ती त्यांचे सहकारी डॉ. विजयकुमार बसू यांनी. १९५० च्या दशकाच्या अखेरीस बसू पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि १९५९ पासून कोलकात्यात त्याने उपचार करू लागले. कोटणीस यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या स्मारक समित्यांनी ही पद्धत पुढे नेली. महाराष्ट्रात आता अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे.

थकव्याबद्दल या शास्त्राचे म्हणणे काय? शरीरात ‘ची’ नावाची जीवनशक्ती वाहते. पचन बिघडले, झोप मोडली, चिंता वाढली की ती क्षीण होते किंवा अडते. आयुर्वेदातल्या अग्निमांद्याशी ही कल्पना काहीशी जुळते. थकव्यासाठी नेहमी वापरला जाणारा बिंदू गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटे आणि नडगीच्या हाडाच्या बाहेरच्या बाजूला एक बोट अंतरावर असतो. त्याचे नाव ‘झू-सान-ली’. ली हे चिनी अंतराचे माप. हा बिंदू उत्तेजित केला की दमलेला माणूस आणखी तीन ली, म्हणजे सुमारे दीड किलोमीटर चालू शकतो, अशी जुनी समजूत या नावामागे सांगतात.

आधुनिक चाचण्यांचे उत्तर सावध आहे. कर्करोगाच्या उपचारांनंतरच्या आणि दीर्घकालीन थकव्यात काही रुग्णांना बरे वाटलेले दिसते. मात्र खोट्या सुया लावलेल्या रुग्णांशी तुलना केली की हा फरक अनेकदा कमी होतो. तज्ज्ञाने निर्जंतुक, एकदाच वापरायच्या सुयांनी केलेला उपचार बहुधा सुरक्षित असतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ते आधी सांगावे.

जळगाव-धुळ्याच्या वाचकांनी एक क्रम लक्षात ठेवावा. कापूस वेचणारी बाई किंवा केळीचे घड वाहणारा मजूर आठवडेच्या आठवडे दमलेला असेल, तर आधी रक्त तपासावे. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, मूत्रपिंडाचे काम या तपासण्या साध्या आहेत. खोकला, संध्याकाळचा ताप, घटते वजन असेल तर क्षयरोगाची तपासणी करावी. सातपुड्याच्या पट्ट्यातल्या कुटुंबांनी सिकलसेलची चाचणी टाळू नये. जिना चढताना दम, छातीत दुखणे किंवा पायावर सूज असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. सुईने हिमोग्लोबिन वाढत नाही आणि क्षयाचे जंतू मरत नाहीत. कारण सापडून उपचार सुरू झाल्यावर अ‍ॅक्युपंक्चर जोडीला घ्यायला हरकत नाही. चालू गोळ्या मात्र बंद करू नयेत.

आणि झोप. युद्धभूमीवर कोटणीस यांच्यापुढे पर्याय नव्हता. रात्रपाळी करणाऱ्याला, दिवसभर शेतात राबून पहाटे पाण्यासाठी उठणाऱ्या बाईला तो घरच्यांनी मिळवून द्यायचा असतो.