जनरल थोरात आणि कोरियातील कैदी

सामान्यज्ञानाच्या तासाला भारतीय सेनापतींची नावे विचारली की करिअप्पा, थिमय्या, माणेकशॉ ही नावे एका दमात येतात. लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांचे नाव मात्र आम्हा मराठी कॅडेट्सनाही पटकन सुचत नाही. ते लष्करप्रमुख झाले नाहीत, हे त्याचे एक कारण असेल. दुसरे कारण मला असे वाटते, की त्यांनी केलेले सर्वांत अवघड काम लढाईचे नव्हतेच. ते काम पहाऱ्याचे होते. आणि पहारा कोणावर, तर आपण न पकडलेल्या, आपले शत्रू नसलेल्या कैद्यांवर. या कैद्यांवरून एका बाजूला अमेरिका आणि दुसऱ्या बाजूला चीन व उत्तर कोरिया दीड वर्षाहून अधिक काळ वाद घालत बसले होते.

थोरात मूळचे कोल्हापूर भागातले. जन्म १९०६ चा. त्या काळी हिंदी मुलांना इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात दरवर्षी मोजक्याच जागा मिळत. थोरात तिथे गेले आणि १९२६ साली अधिकारी होऊन बाहेर पडले. पुढे ते पंजाब रेजिमेंटमध्ये होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातील आराकान किनाऱ्यावर कांगॉ येथे जी लढाई झाली, तिच्यात ५१ व्या ब्रिगेडच्या तिन्ही पायदळ पलटणींचे प्रमुख भारतीय होते : थिमय्या, एल. पी. सेन आणि थोरात. इंग्रजांच्या सैन्यात तोवर असे सहसा घडत नसे. जानेवारी १९४५ च्या अखेरीस थोरातांच्या सेकंड सेकंड पंजाबने मेलरोज नावाची टेकडी जपान्यांकडून हिसकावून घेतली. शेवटी हातघाईची लढाई झाली. तिन्ही प्रमुखांना डीएसओ हे पदक मिळाले. एवढे लिहून मी ही लढाई इथेच सोडतो, कारण मला लिहायचे आहे ते कोरियाबद्दल.

२५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाने दक्षिण कोरियावर हल्ला केला. दक्षिणेच्या मदतीला संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली अमेरिका आणि इतर देश आले. लढाई चीनच्या सीमेकडे, यालू नदीकडे सरकली तसा शेजारी चीनही त्यात उतरला. म्हणजे युद्ध कोरियाचे, पण लढणारे मोठे देश दुसरेच. अमेरिकेने चीनच्या नव्या सरकारला मान्यतासुद्धा दिलेली नव्हती. तरी १० जुलै १९५१ ला दोन्ही बाजूंचे सेनाधिकारी बोलणी करायला बसले, आधी केसाँगला आणि नंतर पानमुनजोमला. ही बोलणी दोन वर्षे चालली, आणि बोलणी चालू असताना लढाईही चालूच राहिली. इतिहासाच्या पुस्तकात याला एकच ओळ असते, पण त्या दोन वर्षांत टेकड्या घेताना आणि गमावताना हजारो सैनिक मेले.

युद्धबंदीची रेषा कुठे आखायची हे बऱ्यापैकी ठरले होते. गाडी अडली ती कैद्यांवर. १९४९ चा जिनिव्हा करार सांगतो, की लढाई थांबली की युद्धकैद्यांना सोडून मायदेशी पाठवावे. चीन आणि उत्तर कोरियाने तेच धरून ठेवले. अमेरिकेचे म्हणणे असे, की ज्याला परत जायचे नाही त्याला जबरदस्तीने पाठवणार नाही. चिनी कैद्यांपैकी बरेच जण आधी चँग कै-शेकच्या सैन्यात होते, आणि त्यांना कम्युनिस्ट चीनमध्ये जायचे नव्हते. पण छावणीतल्या पुढाऱ्यांच्या धाकाने नाही म्हणणारेही त्यांच्यात होते. कोण मनापासून नाही म्हणतो आणि कोण भीतीने, हे बाहेरून कसे कळणार?

इथे भारत आला. डिसेंबर १९५२ मध्ये कृष्ण मेनन यांनी पुढे केलेला ठराव संयुक्त राष्ट्रांनी मंजूर केला. चीनने आधी तो नाकारला, पण पुढच्या उन्हाळ्यात जवळपास त्याच धर्तीवर तोडगा निघाला. परत जायला नकार देणारे कैदी पाच तटस्थ देशांच्या आयोगाच्या ताब्यात द्यायचे. भारत अध्यक्ष, आणि स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड व चेकोस्लोव्हाकिया सदस्य. प्रत्यक्ष पहारा मात्र फक्त भारतीय सैन्याचा. दोन्ही बाजूंचे अधिकारी येऊन आपापल्या कैद्यांना परत येण्यासाठी समजावतील आणि कैदी आपला निर्णय सांगतील. २७ जुलै १९५३ ला युद्धबंदी झाली.

आमचे घर रायपूरला आहे, त्यामुळे मला हा प्रकार गोल बाजारावरून चटकन समजला. गोल बाजारात गल्ल्या अरुंद आणि दुकाने एकमेकांना चिकटलेली. मालाच्या गठ्ठ्यावरून दोन दुकानदारांत तंटा झाला, की कधी कधी तो गठ्ठा समोरच्या तिसऱ्या दुकानात ठेवतात, वाद मिटेपर्यंत. तिसऱ्याला त्यात काही मिळत नाही. उलट गठ्ठा हलका कसा झाला म्हणून दोघेही त्यालाच विचारतात. माझे आजोबा म्हणतात की असा गठ्ठा ठेवून घ्यायला मोठी छाती लागते. फक्त गोल बाजारातला गठ्ठा दगड मारत नाही आणि घोषणा देत नाही. थोरातांच्या ताब्यात आलेल्या गठ्ठ्यात २२,६०४ माणसे होती, त्यांत १४,७०४ चिनी आणि ७,९०० कोरियन. दुसऱ्या बाजूकडून आलेले फक्त ३५९.

आयोगाचे अध्यक्ष होते थिमय्या, म्हणजे कांगॉचे जुने सोबती. भारतीय संरक्षक दलाचे प्रमुख होते मेजर जनरल थोरात. दल सुमारे ६ हजारांचे, म्हणजे एका सैनिकामागे तीन-चार कैदी, आणि त्यात स्वयंपाकी आणि कारकूनसुद्धा धरलेले. जहाजे मद्रासहून निघून इंचॉनला पोहोचली तर पहिलीच अडचण. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांना ही सगळी व्यवस्थाच मान्य नव्हती. जून महिन्यात त्यांनी सुमारे २७ हजार उत्तर कोरियन कैदी परस्पर सोडून दिले होते. आता भारतीय सैनिकांना आपल्या जमिनीवर पाय ठेवू देणार नाही असे त्यांनी जाहीर केले. तेव्हा जवानांना अमेरिकन हेलिकॉप्टरांतून निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. हजारो माणसे अशी उचलून नेणे हा त्या काळी मोठाच उद्योग होता.

छावणी वेगवेगळ्या आवारांत विभागलेली होती. प्रत्येक आवारात सुमारे पाचशे कैदी, भोवती काटेरी तार. बहुतेक आवारांत कम्युनिस्टविरोधी पुढाऱ्यांची हुकमत चाले. कोणी परत जायचे म्हटले तर त्याला मारहाण होई, काहींचे खूनही झाले. रात्री एखादा तार ओलांडून भारतीय पहारेकऱ्याकडे पळून येई. असाच एक चिनी कैदी पळून आला, त्याला आम्हाला परत द्या म्हणून त्याच्या आवारातले कैदी खवळले, आणि समजूत घालायला आत गेलेल्या मेजर ग्रेवाल यांना त्यांनी धरून ठेवले. ही सप्टेंबर १९५३ च्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. पळून आलेल्याला परत देणे म्हणजे त्याला मृत्यूच्या हाती देणे. न द्यावे तर आपला अधिकारी आत अडकलेला.

आपल्यापैकी बहुतेकांना जे सुचेल तेच त्या वेळी छावणीत अनेकांना सुचले असेल. बंदुका बाहेर होत्याच. पण थोरातांनी हिशेब वेगळा केला. एका आवारात गोळी सुटली तर शेजारच्या सगळ्या आवारांतले हजारो कैदी तारांवर तुटून पडतील. ते बाहेर फुटले तर जवळच दक्षिण कोरियाचे सैन्य उभे आहे. दोन महिन्यांपूर्वी मोठ्या कष्टाने झालेली युद्धबंदी तिथेच मोडू शकते. आणि ग्रेवाल तर पहिल्याच मिनिटाला मारले जातील. थोरात स्वतः हत्यार न घेता त्या आवारात शिरले. चवताळलेल्या जमावाच्या मधोमध उभे राहून ते बोलले. पळून आलेला माणूस त्यांनी परत दिला नाही, आणि ग्रेवाल यांना घेऊन ते बाहेर आले. या धाडसासाठी त्यांना अशोकचक्र वर्ग दोन मिळाले. त्यालाच आज कीर्तिचक्र म्हणतात.

जनरल हुद्द्याच्या माणसाने असे जावे का, यावर आमच्या वसतिगृहात दोन रात्री वाद झाला. एक मित्र म्हणाला की सेनापतीने स्वतःला ओलीस होऊ देण्याचा धोका पत्करणे चूक आहे, त्याने मेजर किंवा कर्नल पाठवायला हवा होता. पुस्तकाप्रमाणे तो बरोबर आहे. पण मेजर तर आत आधीच होता. त्या कैद्यांना पुढाऱ्याची भाषा समजत होती, आणि समोर येणारा माणूस दिलेला शब्द पाळू शकेल इतका मोठा असायला हवा होता. थोरातांनी हुशारीने योग्य माणूस निवडला, आणि तो माणूस ते स्वतः होते, असे मला वाटते.

नेहमीच असे जमले मात्र नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तारा तोडू पाहणाऱ्या जमावावर आपल्या जवानांना गोळीबार करावा लागला आणि त्यात कैदी मेले. दक्षिण कोरियाने भारतीयांना धमक्या दिल्या. समजावण्याचे काम सुरू झाले तर आवारेच्या आवारे तंबूत यायला तयार होईनात. त्यांना जोर लावून बाहेर काढा, अशी चीनची आणि उत्तर कोरियाची मागणी होती. थिमय्या आणि थोरात त्याला तयार झाले नाहीत. ठरलेले ९० दिवस २३ डिसेंबरला संपले तेव्हा बहुतेक कैद्यांना कोणी समजावलेच नव्हते.

इथे मला एक गोष्ट टोचते. जोर लावला नाही म्हणून रक्तपात टळला हे खरे. पण ज्यांना मनातून घरी, आईवडिलांकडे जायचे होते आणि जे पुढाऱ्यांच्या भीतीने गप्प राहिले, त्यांचे काय? आपल्या सैन्याने पुढाऱ्यांची पकड मोडली असती तर आणखी किती जण परत गेले असते? आमचे सर म्हणाले की सहा हजार माणसांत ते शक्य नव्हते, आणि बळाने मिळवलेला होकार हा होकार नसतो. सरांचे दुसरे कारण मला पटते. पहिले अर्धेच पटते, कारण शक्य नव्हते असे नंतर म्हणणे सोपे असते. थोरातांनी प्रत्यक्ष केले ते इतकेच, की जो कैदी तारेपर्यंत पोहोचला त्याला सुरक्षित बाहेर काढले. सुमारे सहाशे कैद्यांनी शेवटी मायदेशी जायचे ठरवले.

जानेवारी १९५४ मध्ये उरलेल्यांना ज्यांनी आणून दिले त्यांच्याकडेच परत केले. यावर दोन्ही बाजू नाराज झाल्या. चीनच्या मते कैदी सोडायलाच नको होते, अमेरिकेच्या मते त्यांना आधीच मुक्त नागरिक म्हणून जाहीर करायला हवे होते. चिनी कैदी तैवानला गेले. दुसऱ्या बाजूचे २१ अमेरिकन आणि एक ब्रिटिश सैनिक घरी न जाता चीनकडे राहिले, याचे त्या वेळी अमेरिकेत फार आश्चर्य वाटले. आणि ८८ माणसे अशी होती ज्यांना उत्तरही नको होते, दक्षिणही नको, चीनही नको आणि तैवानही नको. फेब्रुवारीत आपले जवान जहाजाने मद्रासला परतले, तेव्हा हे ८८ जणही त्यांच्याबरोबर भारतात आले.

थोरात १९५७ साली पूर्व विभागाचे सेनापती झाले. मुख्यालय लखनौला होते. तेव्हा चीनशी मैत्रीचे दिवस होते, पण कोरियात चिनी अधिकाऱ्यांना त्यांनी जवळून पाहिले होते. पूर्वेकडची सीमा कशी सांभाळावी यावर त्यांनी टिपण लिहिले, आणि मार्च १९६० मध्ये लाल किला नावाचा सराव घेऊन शत्रू कुठून येईल आणि आपली ठाणी का टिकणार नाहीत हे दाखवून दिले. संरक्षणमंत्री होते कृष्ण मेनन, ज्यांच्या ठरावातून कोरियाचा तोडगा निघाला तेच. त्यांनी हा इशारा मनावर घेतला नाही. मे १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले, थोरातही निवृत्त झाले, आणि लष्करप्रमुखपद जनरल थापर यांना मिळाले. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनचा हल्ला झाला तो पुष्कळसा त्या सरावात दाखवल्याप्रमाणेच. त्यानंतर पंडित नेहरूंनी थोरातांना दिल्लीला बोलावून घेतले.

निवृत्तीनंतर ते महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष होते. त्यांच्या इंग्रजी आत्मचरित्राचे नाव फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट असे आहे. रेव्हेली म्हणजे आपल्याला पहाटे अंथरुणातून उठवणारा बिगूल आणि रिट्रीट म्हणजे संध्याकाळी झेंडा उतरवतानाचा. १९९२ साली जनरल थोरात वारले.