लहुजी वस्ताद : ज्यांच्या तालमीतून शाळेची वाट निघाली

दरवर्षी १४ नोव्हेंबरला पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या जयंतीचे फलक लागतात. पिळदार मिशा, डोक्याला फेटा, हातात शस्त्र. हा चेहरा आता मातंग वस्त्यांतच नाही, तर बुद्धविहारांच्या भिंतींवरही दिसतो, याचा आम्हाला आनंद आहे. पण फोटो लावणे सोपे असते. या माणसाने आयुष्यभर नेमके काय शिकवले, हे आपल्या तरुणांना विचारले तर उत्तर बहुतेक वेळा एका वाक्यात संपते : ते महात्मा फुल्यांचे वस्ताद होते. हे वाक्य खरे आहे. पण एका मातंग वस्तादाच्या तालमीतून बाहेर पडलेल्या तरुणाने तलवार न उचलता शाळा काढली, हे कसे घडले, याचा विचार फारसा होत नाही. आज गल्लोगल्ली जिम आहेत, कराटेचे वर्ग आहेत, दंड कमावलेली पोरे आहेत. म्हणून हा विचार आजच करायला हवा.

मंडईपासून गंज पेठेपर्यंत

सुरुवात मंडईपासून करू. पुण्याच्या मंडईला महात्मा फुले यांचे नाव आहे. अष्टकोनी मनोऱ्याची ही दगडी इमारत १८८६ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिला मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव दिले होते. जोतीरावांचे नाव तिला मिळाले ते १९३८ मध्ये, आचार्य अत्रे पुण्याच्या नगरपालिकेत असताना. गंमत अशी की, ही इमारत बांधायलाच जोतीरावांचा विरोध होता. ते १८७६ ते १८८३ या काळात नगरपालिकेचे सदस्य होते. बहुजनांच्या मुलांना शाळा नसताना बाजाराच्या इमारतीवर एवढा पैसा ओतू नये, तो शिक्षणावर खर्च करावा, ही त्यांची भूमिका होती. हरी रावजी चिपळूणकर सोडले तर त्यांच्या बाजूला कोणी नव्हते. गव्हर्नर जनरल लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला, तेव्हा तर ते एकटेच विरोधात उभे राहिले.

भरल्या सभेत एकट्याने नाही म्हणायला काय लागते? अभ्यास लागतो, विचार लागतो. पण पाय न डगमगण्याची सवयही लागते. ती सवय जोतीरावांना कुठे लागली हे पाहायचे तर मंडईतून पूर्वेला, चालत जाण्याइतक्या अंतरावरच्या गंज पेठेत जावे लागते. तिचे आजचे नाव महात्मा फुले पेठ. फुले वाडा इथेच आहे आणि लहुजींची तालीमही याच पेठेतली.

पुरंदरच्या पायथ्याचा मुलगा

लहुजींचा जन्म १४ नोव्हेंबर १७९४ रोजी पुरंदर किल्ल्याच्या पायथ्याशी झाला. वडील राघोजी साळवे, आई विठाबाई. घराणे मातंग समाजातले, पण किल्ल्याच्या राखणीचे आणि शस्त्राचे. दांडपट्टा, तलवार, भाला, घोडेस्वारी, निशाणबाजी हे सगळे लहुजी वडिलांकडून शिकले. राघोजी पेशव्यांच्या सैन्यात होते आणि नोव्हेंबर १८१७ मध्ये इंग्रजांशी झालेल्या लढाईत ते मारले गेले, असे सांगितले जाते. त्याच महिन्यात शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. लहुजी तेव्हा तेवीस वर्षांचे होते.

इथे आपल्या वाचकांच्या मनात एक प्रश्न येईल आणि तो आम्ही टाळणार नाही. पुढच्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी, १ जानेवारी १८१८ रोजी, भीमा कोरेगावला कंपनीच्या बाजूने लढलेल्या महार सैनिकांना आपण दरवर्षी मानवंदना देतो. मग पेशव्यांच्या बाजूने पडलेल्या राघोजींचे काय करायचे? काही जण याच मुद्द्यावरून दोन समाजांत भांडण लावतात. आमचे म्हणणे सरळ आहे. दोन्हीकडचे आपले लोक पोटासाठी आणि इमानासाठी लढले. त्यांना माणूस म्हणून वागवणारी सत्ता दोन्हीकडे नव्हती. लहुजींनी या प्रश्नाला पुढे जे उत्तर दिले, ते आपल्या कोणत्याही वादापेक्षा मोठे आहे. ते उत्तर पुढे येईलच.

तालीम कोणाची?

पेशवाई गेल्यानंतर लहुजींनी पुण्यात तालीम काढली. आज तालीम म्हटले की लाल माती, हौद, जोर-बैठका एवढेच डोळ्यांपुढे येते. पण त्या काळी एका मातंगाने तालीम काढणे म्हणजे काय, हे समजायला त्यांच्याच घराण्यातल्या एका मुलीचे लिखाण वाचावे लागते. मुक्ता साळवे फुल्यांच्या शाळेत शिकली आणि १८५५ मध्ये तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ज्ञानोदयात छापून आला. बाजीरावाच्या काळात मांग किंवा महार तालीमखान्यापुढून गेला, तर त्याचे डोके उडवून गुलटेकडीच्या मैदानावर त्याचा चेंडू करून खेळत, असे तिने त्यात लिहिले आहे.

ती गुलटेकडी म्हणजे आजच्या मार्केट यार्डाचा परिसर. मंडईतला घाऊक व्यापार पुढे तिथेच गेला. रोज पहाटे भाजीचे ट्रक जिथे रिकामे होतात, त्या भागाची ही आठवण आहे.

म्हणजे ज्या शहरात तालमीसमोरून चालणे हा जिवावरचा गुन्हा होता, त्याच शहरात लहुजी तालमीचे मालक झाले, वस्ताद झाले. त्यांच्याकडे शिकायला सगळ्या जातींचे तरुण आले. जोतीराव माळी समाजातले, त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे ब्राह्मण, पुढे आलेले वासुदेव बळवंत फडकेही ब्राह्मण. तालमीत अंगाला अंग लागते. वस्ताद हात धरून पवित्रा दुरुस्त करतो, मान दाबतो, पाय सरकवतो. एकाच मातीत सगळ्यांचा घाम पडतो. विटाळ मानणाऱ्या माणसाला तिथे काही शिकताच येत नाही. समतेवरचे व्याख्यान न देता लहुजींनी रोज सकाळी समता करायला लावली.

दांडपट्टा काय शिकवतो

दांडपट्टा हे अवघड शस्त्र आहे. लांब, लवचीक पाते आणि कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी मूठ. मनगट त्या मुठीत बांधले जाते, त्यामुळे वार मनगटातून होत नाही. तो खांद्यातून, कंबरेतून, पायांच्या ठेक्यातून यावा लागतो. पाय चुकला तर पाते फिरवणाऱ्याच्याच अंगावर येते. म्हणून शिकणाऱ्याला आधी काठी मिळते आणि महिनोन्‌महिने फक्त पाय टाकायला लावतात. चिडलेला माणूस पट्टा फिरवू शकत नाही. घाई करणारा तर नाहीच.

यातून रोजच्या जगण्यात काय उतरते? पहिली गोष्ट नेम. पहाट झाली की उठायचे, माती उकरायची, जोर मारायचे; मन असो नसो. दुसरी गोष्ट हार पचवणे. तालमीत पाठ टेकल्याशिवाय कोणी पैलवान होत नाही. तिसरी गोष्ट हात आवरणे. ज्याला मारता येते, त्यालाच न मारणे म्हणजे काय हे कळते. बाबासाहेबांनी धम्म सांगताना ज्या पारमितांचा विचार मांडला, त्यांत विरिय आहे, खंती आहे, अधिट्ठान आहे. हे शब्द आपण विहारात ऐकतो. लहुजींच्या तालमीत ते शब्द कोणी उच्चारले नसतील, पण सराव त्याच गोष्टींचा चालत होता.

तालमीतला जोतीबा

जोतीराव लहुजींकडे आले तेव्हा त्यांची विशी होती आणि वस्ताद पन्नाशी ओलांडलेले होते. इंग्रजांचे राज्य उलथून टाकायचे, या हेतूने आपण लहुजींकडे पट्टा आणि निशाणबाजी शिकलो, हे जोतीरावांनीच पुढे गुलामगिरीत नोंदवून ठेवले आहे. हे पुस्तक १८७३ चे. म्हणजे देशभर नाव झाल्यावरही, आपला वस्ताद मांग होता हे त्यांनी छापून सांगितले.

मग १८४८ उजाडले. त्या काळात जोतीराव थॉमस पेन वाचत होते. ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत त्यांचा अपमान झाला तो याच सुमारास. अंगात ताकद होती, हातात विद्या होती. वरातीत राडा करणे त्यांना अशक्य नव्हते. पण त्यांनी तो अपमान घरी नेला, त्यावर विचार केला आणि भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. आपल्या गुलामीचे मूळ कुठे आहे हे ओळखून त्यांनी वार तिथे केला.

यात लहुजींचा मोठेपणा कुठे आहे? शिष्याने शस्त्राची वाट सोडली म्हणून वस्ताद रुसले नाहीत. उलट तेच शाळेच्या कामाला लागले. महार-मांगांच्या मुलांसाठी जोतीरावांनी शाळा सुरू केल्या, तेव्हा आईबापांची समजूत काढून मुले शाळेत आणण्यासाठी जी दोन माणसे झटली, त्यांची नावे इतिहासात राहिली आहेत : एक लहुजी आणि दुसरे राणबा महार. वर आम्ही जो प्रश्न सोडून दिला होता, त्याचे उत्तर हे. पेशव्यांसाठी पडलेल्या राघोजींचा मुलगा आणि राणबा महार हे एकाच वस्तीत, एकाच कामासाठी, खांद्याला खांदा लावून फिरले. मुक्ता साळवेने लेखणी उचलली ती या फिरण्यामुळे.

शाळेला निघालेल्या सावित्रीमाईंवर शेण आणि दगड फेकले जात, हे आपण सगळे जाणतो. त्या दिवसांत लहुजींच्या तालमीतले तरुण फुले दांपत्याच्या पाठीशी उभे असत, असे पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पैलवानकीचा याहून चांगला उपयोग आम्हाला माहीत नाही.

रात्रीचे दोन मारेकरी

१८५६ च्या सुमारास जोतीरावांना मारण्यासाठी पैसे देऊन दोन माणसे पाठवली गेली. एक रोडे नावाचे रामोशी, दुसरे धोंडीराम नामदेव कुंभार. मध्यरात्री ते घरात शिरले. जोतीराव जागे झाले. लहुजींचा हा शिष्य दोघांशी दोन हात करू शकला असता. त्याने आरडाओरडा केला नाही, शस्त्र शोधले नाही. कोणी पाठवले, कशासाठी आलात, हे शांतपणे विचारले. माझ्या मरणाने तुमच्या घरी चूल पेटणार असेल तर मारा, अशी तयारी दाखवली. आलेल्यांचे हात गळाले. पुढे रोडे त्यांचे अंगरक्षक झाले आणि धोंडीराम शिकून सत्यशोधक समाजाचे पंडित झाले.

ही गोष्ट ऐकताना काही जणांना वाटते की जोतीराव संतासारखे मऊ होते. आम्हाला तसे वाटत नाही. घाबरलेल्या माणसाचा आवाज अशा वेळी शांत राहत नाही. तो शांत राहिला, कारण भीतीवर स्वार व्हायची सवय त्यांना तरुणपणीच लागली होती.

दोन शिष्य, दोन वाटा

वासुदेव बळवंत फडके यांनी वस्तादांची विद्या घेऊन सशस्त्र बंडाची वाट धरली. रामोशी, कोळी, भिल्ल यांना सोबत घेऊन १८७९ मध्ये त्यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. पकडले गेले आणि १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात वारले. एका शिष्याने बंड केले, दुसऱ्याने शाळा काढल्या. लहुजी दोघांचेही वस्ताद. ते स्वतः अविवाहित राहिले. तालीम आणि शिष्य हाच त्यांचा संसार. १७ फेब्रुवारी १८८१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी पुण्यात संगमवाडीला आहे.

वस्ताद गेल्यावर सात वर्षांनी जोतीरावांना पक्षाघात झाला. उजवी बाजू निकामी झाली. पट्टा आणि लेखणी धरणारा उजवा हात गेला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक लिहून पुरे केले. तालमीत पडल्यावर उठून पुन्हा पवित्रा घ्यायचा असतो. साठी ओलांडलेल्या शिष्याने तो असा घेतला.

आपल्यासाठी

बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले यांना गुरू मानले. त्या अर्थाने लहुजी आपल्या गुरूंचे वस्ताद आहेत. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी घेऊन परतणाऱ्या आपल्या लोकांवर हल्ला झाला. परिषदेत लष्करातून निवृत्त झालेले, लढाई पाहिलेले लोक होते. त्यांना उलटून मारता आले असते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले आणि ते आवरले गेले. शिस्त नसलेला जमाव असा आवरत नाही. गंज पेठेतल्या तालमीत जे पेरले गेले, तेच महाडला उगवलेले आम्हाला दिसते.

म्हणून तरुण मित्रांनो, जिमला जा, कराटे शिका, लाठी आणि दांडपट्टा तर जरूर शिका. आपल्या मुलींना आधी शिकवा. अत्याचाराच्या बातम्या वाचून नुसत्या मुठी आवळण्यापेक्षा अंगात बळ असणे केव्हाही चांगले. पण त्या बळाचा हिशोब जयंतीच्या मिरवणुकीत लागत नाही. वस्तीतली किती मुले शाळेत टिकली, दारूच्या दुकानापुढे कोण उभे राहिले, ग्रामसभेत किंवा ऑफिसात सगळे गप्प असताना कोण बोलले, रागाच्या भरात उठलेला हात कोणी खाली घेतला, तिथे तो लागतो. महार-मातंग असा भेद उकरून काढणाऱ्यांना लहुजी आणि राणबा यांची जोडी दाखवा आणि पुढच्या १४ नोव्हेंबरला दोन्ही वस्त्यांतली मुले एकाच आखाड्यात उतरवा.

पुण्याला आलात तर मंडईत उतरून गंज पेठेपर्यंत चालत जा. फुले वाडा पाहा, वस्तादांच्या तालमीपुढे उभे राहा. जिच्यासमोरून जाण्याची आपल्या पूर्वजांना बंदी होती, तशा एका तालमीच्या दारात आपण उभे आहोत आणि ती आपल्याच माणसाने उभी केली, एवढे ध्यानात ठेवून परत या.

जय लहुजी! जय जोती! जय भीम!